कर्नल क्रिस्टल मोजत नाही, तू लिहिलंस ते खरं मानतो

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चिपवाल्याच्या रेफरन्स बोर्डावरून स्वतःचा बोर्ड बनवला, पहिला लॉट पाच नगांचा. यू-बूटचा (कर्नलआधी चालणाऱ्या बूटलोडरचा) सीरियल कन्सोल स्वच्छ दिसतो. लिनक्सचा कर्नल सुरू होतो, पहिल्या ओळी नीट येतात, मग मधूनमधून अक्षरं फुटायला लागतात आणि पुढे एका जागी कन्सोल गप्पच होतो. बोर्ड मात्र जिवंत, हार्टबीटचा एलईडी लुकलुकतोय. "सर, डिव्हाइस ट्रीमध्ये क्लॉक नेमका कसा लिहायचा? कुठला आकडा माझा, कुठला चिपवाल्याचा आणि कुठला ड्रायव्हरचा? तीन ट्युटोरियल बघितली की, तिन्हीत वेगवेगळं."

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तुझ्या तक्रारीतले दोन रोग वेगळे कर. अक्षरं फुटणं आणि गप्प होणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कचरा आला म्हणजे क्लॉक, म्हणजे चिपला ताल देणारा ठोका, पोचतोय, पण त्याचा दर कर्नलला वाटतो तो नाही. शांतता आली म्हणजे क्लॉकच तोडला गेला. एकाच बोर्डावर दोन्ही दिसले म्हणून कारण एकच असेल असं धरून चाललास, की आठवडा गेलाच समज.

आता मूळ मुद्दा. डिव्हाइस ट्री म्हणजे कुठलं हार्डवेअर कसं जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल. डिव्हाइस ट्रीत क्लॉकविषयी तीन जातींची वाक्यं येतात. तिन्ही एकाच फाइलीत, एकाच व्याकरणात लिहिली जातात, म्हणून नवा माणूस गोंधळतो. एक, बोर्डावर काय सोल्डर केलंय. दोन, चिपच्या आत कुठला क्लॉक कुठून कुठे जातो. तीन, मला कुठला दर हवा आहे. पहिली साक्ष, दुसरा नकाशा, तिसरा अर्ज. साक्ष देण्याचं काम बोर्ड बनवणाऱ्याचं, म्हणजे तुझं. नकाशा चिपवाल्याचा, तो त्याच्या क्लॉक ड्रायव्हरात आणि एसओसीच्या (मुख्य चिपच्या) सामायिक फाइलीत आधीच काढलेला असतो, तिथे हात घालू नकोस. अर्ज तू करू शकतोस, पण अर्ज केला म्हणजे मंजूर झालाच असं नाही.

आपल्याकडे आरटीसी म्हटलं की शेतकऱ्याला घड्याळाची चिप आठवत नाही, जमिनीचा उतारा आठवतो. उताऱ्यावर दोन एकर दहा गुंठे लिहिलंय म्हणून बांध तिथेच असतो असं थोडंच आहे? मोजणीला माणूस आला, साखळी पडली, की कळतं. कर्नलकडे ती साखळी नाही. फिक्स्ड-क्लॉक (ठरावीक दराचा क्लॉक) जातीच्या नोडमध्ये, म्हणजे ट्रीतल्या नोंदीत, क्लॉक-फ्रीक्वेन्सी २,४०,००,००० लिहिलंस, की कर्नल ते जसंच्या तसं मानतो आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर रचतो. पीएलएलच्या (दर गुणून वाढवणाऱ्या सर्किटच्या) रजिस्टरातून गुणक वाचायचा, डिव्हायडरमधून भागाकार वाचायचा आणि मुळाशी तुझा आकडा धरायचा. त्याला मोजता का येत नाही? कुठलाही क्लॉक मोजायला दुसरा खात्रीचा क्लॉक लागतो, आणि बोर्डावरचे बहुतेक सगळे क्लॉक त्या एकाच क्रिस्टलच्या पोटचे. मूळच चार टक्क्यांनी चुकलं तर सगळं झाड चार टक्क्यांनी चुकतं, आपापसात मात्र हिशेब तंतोतंत जुळतो. काही चिपांत मोजणीची सोय असते. ॲमलॉजिकच्या एसओसींमध्ये क्लॉक मोजणारा वेगळा भाग आहे आणि लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हरही आहे. पण तो अपवाद.

तुझ्या पत्रात जाता जाता एक वाक्य आलंय: इथरनेटच्या फाय (PHY) चिपला २५ मेगाहर्ट्झ लागतो म्हणून दोन क्रिस्टल न घालता एकच २५ चा घातला, यू-बूटमध्ये तसा बदल केला. बरं केलंस. आणि कर्नलच्या डिव्हाइस ट्रीत? रेफरन्स बोर्डाची नक्कल आहे म्हणतोस, तिथे २४ असणार. मग बघ काय होतं. सुरुवातीच्या ओळी अर्लीकॉन (कर्नलचा तात्पुरता कन्सोल) छापतो, तो यू-बूटने लावून ठेवलेला डिव्हायडर तसाच वापरतो, म्हणून त्या स्वच्छ. मग यूएआरटीचा (सीरियल पोर्टचा) खरा ड्रायव्हर उभा राहतो, क्लॉकचा दर विचारतो, त्याला २४ वर बेतलेलं उत्तर मिळतं आणि तो डिव्हायडर नव्याने लिहितो. प्रत्यक्षात ११५२०० ऐवजी १२०००० बॉड (सेकंदाला बिट) निघतो. चूक ४.१७ टक्के. स्टार्ट बिटपासून शेवटचा बिट वाचायच्या जागेपर्यंत साडेनऊ बिट होतात, म्हणजे तिथे पोचेपर्यंत घसरण साधारण ०.४ बिटाची. अर्ध्या बिटाच्या आत आहे, म्हणून सगळाच कचरा होत नाही, मधूनच एखादं अक्षर फुटतं. अर्धवट वाचता येणारा कन्सोल हे या चुकीचं अगदी ठरलेलं लक्षण.

खात्री करायला ऑसिलोस्कोप लागत नाही. पिकोकॉमला (लॅपटॉपवरच्या सीरियल टर्मिनलला) १२०००० बॉड सांग. एफटीडीआयच्या यूएसबी-सीरियल केबलला हा दर नेमका जमतो, कारण ३० लाख भागिले २५ म्हणजे बरोबर १२००००. अक्षरं स्वच्छ झाली तर निकाल लागला. दुसरी कसोटी मोबाइलच्या स्टॉपवॉचची. बोर्डावर ६०० सेकंदांचा स्लीप दे. सिस्टिम टायमर त्याच चुकीच्या मुळावर चालत असेल तर तो ५७६ सेकंदांतच परत येईल. तो बरोबर ६०० आला तरी लगेच निर्धास्त होऊ नकोस. कॉर्टेक्स-ए वर्गाच्या बहुतेक नव्या चिपांत आर्म जनरिक टायमरचा दर फर्मवेअर एका रजिस्टरात लिहून ठेवतं आणि कर्नल तो तिथून उचलतो. फर्मवेअर बरोबर असेल तर घड्याळ बरोबर आणि यूएआरटी चूक, हे दोन्ही एकाच बोर्डावर सुखाने नांदतात. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) सांभाळून घेईल ही आशाही सोड. नेहमीचा एनटीपी डीमन घड्याळाची चाल फार तर ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) वळवतो, तुझी चूक चाळीस हजारांच्या वर आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या ड्राइव्हशी बोलणारा गेटवे आम्ही केला होता. एसपीआयवर एमसीपी२५१५ ही कॅन (यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवायची बस) कंट्रोलर चिप, बस २५० किलोबिटची. पहिल्या लॉटच्या मॉड्यूलांवर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, डिव्हाइस ट्रीतही १६. दुसरा लॉट बंगळूरच्या एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आला, त्यावर ८ चा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टेबलावर आमचे दोन बोर्ड एकमेकांशी झकास बोलले, कारण दोघेही सारखेच चुकलेले. कारखान्यात ऐन गाळपात जोडले तर एक फ्रेम जाईना, थोड्या वेळात बस-ऑफ, म्हणजे चुका वाढल्या म्हणून कंट्रोलर स्वतःच बाजूला. आम्ही दीड दिवस टर्मिनेशनचे रेझिस्टर आणि अर्थिंग तपासत बसलो. खरी गंमत पुढे आहे. इंटरफेसचा तपशील काढला तर कर्नल क्लॉक दाखवत होता ८०,००,०००, आणि क्रिस्टलच्या डब्यावर छापलेलं ८.०००. जुळलं की! म्हणून तिकडे परत कुणी बघितलंच नाही. तो ड्रायव्हर क्रिस्टलचा दर निम्मा करून दाखवतो, कारण चिप आतमध्ये दोनने भागते. १६ लिहिलं तर ८ दिसणार, ८ लिहिलं असतं तर ४ दिसलं असतं. शेवटी स्कोपवर एक बिट ४ मायक्रोसेकंदांऐवजी ८ चा दिसला तेव्हा आमचे डोळे उघडले. बदल एका आकड्याचा. तेव्हापासून माझा नियम: डिव्हाइस ट्रीतला आकडा छापील डब्याशी ताडायचा, कर्नलने छापलेल्या आकड्याशी नाही.

आता चिपच्या आतला नकाशा. २०१२ पर्यंत लिनक्समध्ये आर्मच्या प्रत्येक घराण्याची क्लॉकची आपापली व्यवस्था होती. फंक्शनांची नावं सारखी, आतली रचना प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे अनेक चिपांना चालणारा एकच कर्नल बांधणं अवघड. त्या वर्षी ३.४ आवृत्तीत माइक टर्केट यांनी पुढे नेलेलं कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आलं, आणि गेट (क्लॉक चालू-बंद करणारा), डिव्हायडर, मक्स (अनेकांतून एक निवडणारा), ठरावीक दर, ठरावीक गुणोत्तर असे मूळ नमुने सगळ्यांना सामायिक झाले. सुरुवातीला काही चिपवाल्यांनी प्रत्येक गेट, प्रत्येक डिव्हायडर डिव्हाइस ट्रीत स्वतंत्र नोड म्हणून लिहिला. ऑलविनरच्या जुन्या फाइली उघडून बघ, क्लॉकचीच पानंच्या पानं. पुढे त्यांनीही २०१६ पासून सगळं एका प्रोव्हायडर (क्लॉक पुरवणाऱ्या) नोडमागे ड्रायव्हरात हलवलं. तू पाहिलेल्या तीन ट्युटोरियलांपैकी एक बहुधा त्या जुन्या काळातलं. ते विसर.

आजची रीत सोपी. चिपमध्ये एक क्लॉक कंट्रोलर असतो, त्याच्या नोडवर क्लॉक-सेल्स किती ते लिहिलेलं असतं. शून्य असेल तर त्या नोडमधून एकच क्लॉक निघतो, तुझा फिक्स्ड-क्लॉक तसा. एक असेल तर सोबत एक क्रमांक द्यायचा, आणि त्या क्रमांकांची नावं चिपच्या हेडर फाइलीत असतात. वापरणाऱ्या उपकरणाच्या नोडवर क्लॉक्स आणि क्लॉक-नेम्स अशा दोन ओळी. नावं मनाची घालायची नाहीत. ही नावं त्या उपकरणाच्या बाजूने असतात, क्लॉक कंट्रोलरच्या बाजूने नाहीत. उपकरण म्हणतं, मला एक बॉड क्लॉक लागतो आणि एक बसचा. ती कुठली हे बाइंडिंगच्या (उपकरणाचा नोड कसा लिहायचा त्या नियमांच्या) दस्तऐवजात लिहिलेलं असतं. क्रम चुकला किंवा नावात एक अक्षर चुकलं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. स्कीमा तपासणी चालवलीस तर ती बोंब मारते, म्हणून ती चालवच.

इथून तुझा दुसरा रोग. बूट संपत आला की फ्रेमवर्क एक फेरी मारतं. हार्डवेअरमध्ये उघडं आहे, पण कुणीही रीतसर मागितलेलं नाही, असं प्रत्येक गेट बंद करतं. पाणी सोडणारा गल्लीत येऊन नोंद नसलेलं कनेक्शन बंद करून जातो ना, तसं. तुझं पाणी यू-बूटने सोडून ठेवलेलं होतं, त्यावर इतका वेळ निभावलं. डिझाइनवेअर जातीचा यूएआरटी पुष्कळ चिपांत असतो आणि त्याला दोन क्लॉक लागतात: बॉडचा आणि एपीबी बसचा (चिपमधल्या, रजिस्टरांपर्यंत नेणाऱ्या मार्गाचा). त्या ड्रायव्हरात बसचा क्लॉक ऐच्छिक धरलाय. तू नोडवर एकच लिहिला असशील तर ड्रायव्हर कुरकुर न करता उभा राहील, काम करील, आणि त्या शेवटच्या फेरीत बसचं गेट बंद होईल. मग रजिस्टरात लिहिलेलं कुठेच पोचत नाही. काही चिपांवर अख्खी बस अडकून बोर्ड गोठतो, तुझ्याकडे फक्त कन्सोल गेला म्हणजे नशीब बरं.

तपासायला कर्नलच्या कमांड लाइनवर clk_ignore_unused हा पर्याय दे. कन्सोल टिकला तर निदान पक्कं. पण तो पर्याय माल बाहेर जाताना ठेवायचा नाही. मी असे बोर्ड बघितलेत, कुणीतरी कधीतरी तपासायला घातलेला हा शब्द वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये. न वापरलेले सगळे क्लॉक चालू, बॅटरी लवकर संपते, आणि पुढच्या कर्नलला नवीनच काहीतरी बिघडतं. ज्याला पाणी हवंय त्याने नोंद करावी: त्या उपकरणाच्या नोडवर राहिलेला क्लॉक लिही. डीडीआर (रॅम) किंवा मुख्य बस अशा, कुठल्याच ड्रायव्हरच्या मालकीच्या नसलेल्या क्लॉकांना क्लॉक ड्रायव्हरातच क्रिटिकल म्हणून खूण केलेली असते, ते काम चिपवाल्याचं.

ड्रायव्हर लिहायची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेव. क्लॉक चालू करणं दोन टप्प्यांत असतं, प्रिपेअर आणि एनेबल. प्रिपेअर झोपू शकतो, कारण पीएलएल स्थिर व्हायला वेळ लागतो किंवा क्लॉकची चिप आय-टू-सीवर असते. एनेबल झोपत नाही, म्हणून तो इंटरप्टमधूनही चालतो. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाला लागतानाच्या फंक्शनात) दोन्ही एकत्र कर आणि बाहेर पडताना तितक्याच वेळा उलटं कर. हिशेब मोजणीवर चालतो, शेवटचा गिऱ्हाईक उठेपर्यंत गेट बंद होत नाही.

तिसरी जात, अर्ज. असाइन्ड-क्लॉक्स आणि त्याचे सोबती, पॅरंट्स आणि रेट्स. उपकरणाच्या नोडवर लिहिले तर त्याच्या प्रोबआधी लागू होतात, प्रोव्हायडरच्या नोडवर लिहिले तर तो नोंदला जाताना. हे बोर्डाच्या निवडीसाठी चांगलं. उदाहरणार्थ ऑडिओ: ४८ किलोहर्ट्झच्या घराण्याला २४.५७६ मेगाहर्ट्झ लागतो, ४४.१ च्या घराण्याला २२.५७९२. दोन नोडांनी एकाच पीएलएलकडे वेगवेगळा अर्ज केला तर जो शेवटी येतो त्याचं चालतं, भांडण कुठेही छापलं जात नाही. आणखी एक खोच. काही डिव्हायडरांना "दर जमला नाही तर वर जाऊन पालकाचा बदल" अशी मुभा दिलेली असते. डिस्प्लेने पिक्सेल क्लॉक मागितला, विनंती पीएलएलपर्यंत चढली, आणि त्याच पीएलएलवर बसलेल्या भावंडाचा दर न विचारता बदलला. स्क्रीन लागला की सीरियल बिघडतो, अशी तक्रार आली तर मी आधी इथे बघतो. आणि अर्ज कधीही साक्षीच्या जागी लिहू नकोस. "मला ४८ हवेत म्हणून फिक्स्ड-क्लॉकमध्ये ४८ घातले" असं करणारे आहेत. त्याने क्रिस्टल बदलत नाही, फक्त कर्नलची फसवणूक होते.

हे सगळं डोळ्यांनी बघायला डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या आतलं दाखवणाऱ्या फाइलींत) क्लॉक-समरी (clk_summary) नावाची फाइल आहे. झाडासारखी मांडणी, प्रत्येकासमोर किती जणांनी एनेबल केलाय आणि दर किती. तुझ्या यूएआरटीच्या बसच्या ओळीसमोर शून्य दिसलं तर वरचं सगळं पाल्हाळ वाचायची गरजच नव्हती. पण त्यातला दर हा हिशेबाचा दर, तोही उताराच. मोजणी करायची तर चिपचा क्लॉक बाहेर काढणारा पिन शोध, एसटीच्या चिपांत त्याला एमसीओ म्हणतात, आणि तिथे स्कोप किंवा फ्रीक्वेन्सी काउंटर लाव. स्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायावर टेकवू नकोस. प्रोबचेच दहा-पंधरा पिकोफॅरड, क्रिस्टल तेवढ्यानं सरकतो, कधी बंदच पडतो. पुढच्या बोर्डावर त्या पिनला टेस्ट पॉइंट ठेव, पैसे लागत नाहीत.

झेफर या मायक्रोकंट्रोलरच्या ऑपरेटिंग सिस्टिमविषयी तू शेवटी विचारलंयस. तिथेही डिव्हाइस ट्रीच आहे, पण चालू असताना झाड चाळत बसणं नाही, बहुतेक सगळं बिल्डच्या वेळीच आकड्यांत उतरतं. आणि मायक्रोकंट्रोलरवर पीएलएलचे आकडे तुलाच लिहावे लागतात, म्हणजे नकाशाचा एक तुकडा तुझ्या गळ्यात. एसटीएम३२एफ४०७ घे. ८ चा क्रिस्टल, भागिले ८, गुणिले ३३६, भागिले २, म्हणजे १६८ मेगाहर्ट्झ. तेच ३३६ भागिले ७ केले की यूएसबीचे ४८. त्याच जागी २५ चा क्रिस्टल आला तर पहिला भागाकार २५ करायचा. ८ च ठेवलास तर पीएलएलच्या तोंडाशी ३.१२५ मेगाहर्ट्झ जातील, आणि तिथे १ ते २ चीच परवानगी आहे. एसटीच्या डिस्कव्हरी बोर्डावर ८, ब्लॅक पिल नावाच्या स्वस्त एफ४११ बोर्डावर २५, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला लावणारा रोज कुणीतरी भेटतो. एपीबी१ बसची कमाल ४२, पण तिथला प्रीस्केलर एक नसेल तर त्यावरचे टायमर दुपटीने, ८४ वर चालतात. पीडब्ल्यूएमचा (टायमरच्या पल्सांचा) दर नेमका दुप्पट आला तर हेच कारण.

चुकीच्या आकारावरूनही बरंच कळतं. टक्क्यांत चूक असेल तर डिव्हाइस ट्री चुकली. दहा ते पन्नास पीपीएममध्ये असेल तर लोड कपॅसिटर किंवा तापमान, तिथे फाइल उघडून उपयोग नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीजवळच्या पॅनेलमधला लॉगर रोज तीन-साडेतीन सेकंद मागे पडायचा. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेला की दोन्ही बाजूंना मंदच होतो, अंतराच्या वर्गाला साधारण ०.०३४ पीपीएम. पॅनेलच्या आत ६० अंश, म्हणजे ३५ चा वर्ग गुणिले ०.०३४, जवळपास ४२ पीपीएम, दिवसाला ३.६ सेकंद. गणित जुळलं. डीएस३२३१ घातली, ती तापमान पाहून स्वतःला सावरते, आणि तक्रार संपली.

तर आता कर्नलच्या फाइलीत क्रिस्टलच्या नोडवर २५ कर, यूएआरटीच्या नोडवर बसचा क्लॉक त्याच्या बाइंडिंगमधल्या नावाने घाल, आणि दोन्ही बदल एकदम न करता एकेक करून बूट कर, म्हणजे कुठल्याने काय सुधारलं ते कळेल. एवढ्यानेही कन्सोल गप्पच राहिला तर क्लॉक-समरीची प्रत पाठव, इग्नोरचा पर्याय घालून एक आणि न घालता एक. न घालता कन्सोल नसेल तेव्हा एसएसएचने आत जाऊन काढ. सोबत क्रिस्टलचा जवळून फोटो, छापलेलं वाचता येईल असा. शनिवारी मी तिसऱ्या रेल्वे गेटजवळच असतो, स्कोप मोकळा आहे. येताना बोर्ड दोन आण, एक नको, आणि दोन्ही सर्किट डायग्राम, तुझा आणि रेफरन्सचा.